बाराशे नव्वद अंश

सेंट मेरीज, पेनसिल्व्हेनिया. जानेवारी संपत आलेला.
कँटीनच्या टेबलावर तीन कोटेशनं पसरलेली,
त्यांवर कॉफीच्या कपांची वर्तुळं,
आणि शुक्रवारपर्यंत मला एक नाव कळवायचं आहे.

पहिली पट्ट्याची, आमच्या जुन्या भट्टीची धाकटी बहीण.
जाळीवर माल मांडा, तो सरकत आत जातो,
पलीकडे गार होऊन निघतो.
स्वस्त आहे. पण साडेअकराशेच्या पुढे
पट्टाच मऊ पडतो, ताणत जातो,
आणि आमच्या स्टेनलेसला हवेत बाराशे नव्वद.

दुसरी ढकलभट्टी. सिरॅमिकचे पाट,
एक आत ढकलला की दुसऱ्या टोकाला एक बाहेर.
हवं ते तापमान देते, दिवसाला सहाशे किलो सहज,
फक्त तिच्या आठवड्यात रविवार नाही.
वरचेवर विझवली तर विटांना तडे जातात.

तिसरी निर्वात. ग्रॅफाइटची कोठी,
दार लावायचं, हवा ओढून घ्यायची.
रात्री झोपते, सकाळी उठते, शहाणी आहे.
पण त्या पोकळीत क्रोमियम गुपचूप उडून जातं,
त्याला धरून ठेवायला थोडा आर्गॉन सोडावा लागतो.

लोकांना भट्टी म्हटलं की रस दिसतो, ठिणग्या दिसतात.
आम्ही काही वितळवत नाही.
भुकटी साच्यात दाबायची, आणि इतकीच तापवायची
की कणानं कणाला धरावं
पण कुणी आपला आकार सोडू नये.
थोडं जास्त झालं तर गिच्च भातासारखं बसतं सगळं,
थोडं कमी झालं तर व्हॉल्व्हची चकती
बोटांत चुरते.

शिवाय दव. भट्टीच्या आतल्या वायूचा दवबिंदू
उणे चाळीसच्या खाली लागतो.
बार्शीला आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
अगं, आगीत कसलं आलंय दव?

लेरॉय व्होल्मर सगळं ऐकून घेतो.
जुन्या भट्टीपाशी एकोणचाळीस वर्षं.
तिच्या तोंडाशी ज्योतीचा पडदा जळत असतो,
त्याच्या रंगावरून तो सांगतो, आत हवा शिरतेय.
मीटरला ते मागाहून कळतं.

मी त्याला आलेख दाखवले, गॅसचा खर्च, विजेचा खर्च.
त्यानं एवढंच विचारलं,
"नाताळच्या रात्री कोण बसणार?"

मला वाटलं, थट्टा करतोय.
सव्वीस नाताळ त्यानं इथे काढलेत,
वीज गेलीच तर नायट्रोजन सोडायला
कुणीतरी हवं म्हणून.
मुलगी झाली त्या रात्रीही पट्टा चालू होता.
फोन वाजला तेव्हा हातमोजे लवकर निघेनात,
इतकंच सांगतो, पुढचं सांगत नाही.

म्हणजे हिशेब असा :
ढकलभट्टी घेतली तर तीन पाळ्या, सहा माणसं,
सहा घरांची मोडलेली झोप.
निर्वात घेतली तर एक माणूस, एक स्क्रीन,
आणि बाकीच्या पाच घरांना शांत झोप,
पगाराविना.
हा रकाना एकाही कोटेशनमध्ये नव्हता.

"तू काय घेतली असतीस?" मी विचारलं.
असं मराठीतच विचारलं असतं तर बरं झालं असतं,
कारण इंग्रजीत भट्टी बाई नसते.
तो म्हणाला, "मला नको विचारू. मी मार्चमध्ये जातोय."
आणि ज्योतीकडे बघत राहिला,
दूध उतू जाईल म्हणून बघतात तसा.

शुक्रवारी साडेचारला मी ढकलभट्टी लिहिली.
वंगण जाळायला वेगळी खोली, तीन टप्पे,
दवबिंदू उणे पंचेचाळीस.
सहाशे किलोंमुळे लिहिली, असं अहवालात म्हटलं. तेही खरंच आहे.

सोमवारी नकाशे काढणाऱ्याचा फोन आला.
पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये
पेन्सिलीनं काढलेला चौकोन कसला आहे?
खुर्ची, मी म्हटलं.
तो थोडा थांबला.
मग म्हणाला, तिथे तापमान किती असेल
तेही कळवा.