पोम्वेपो

आमच्या बेटावर एकच शब्द दोन कामं करतो:
पोम्वेपो. म्हणजे तिथंच, आणि लगेच.
उसिपा मासळी उन्हात पसरली नाही
तर नासते, पोम्वेपो.
सरोवरावर म्वेरा वारा सुटतो, पोम्वेपो,
मग कुणाची होडी कुठं, विचारू नये.

गुरुवारी संध्याकाळी म्सोसा गुरुजींच्या ओसरीवर
आम्ही सहा बायका, आणि होड्या सांधणारा वेझी,
मार्कचं शुभवर्तमान वाचतो.
पुस्तक एकच. हातोहात फिरतं.
पानांना मासळीचा वास लागलाय.
गुरुजी म्हणतात, लागू दे,
ज्यांची गोष्ट आहे
त्यांच्या अंगालाही हाच होता.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं,
या मार्कला भारी घाई.
कोळी जाळी सोडून निघाले, पोम्वेपो.
म्हातारीचा ताप उतरला,
आणि ती लागली की वाढायला.
मी घेवड्याचे दाणे घेऊन बसू लागले:
शब्द आला की एक दाणा
चितेंजेच्या या गाठीतून त्या गाठीत.
वेझी हसायचा,
"फलेसी, वचन शिकतेस की बाजार करतेस?"

दाणे वाढत गेले तशी
गाठ मांडीला टोचायला लागली.
मी काय केलंय आयुष्यात, पोम्वेपो?
एकच आठवतं.
धाकटा दीर म्वेऱ्यात बुडाला,
त्याच्याबरोबर माझं नवं जाळंही गेलं.
तिसऱ्या दिवशी तमांडाच्या दारात उभी राहून
मी जाळ्याचे पैसे मागितले.
तिनं अजून केसही विंचरले नव्हते.

त्याला चार वर्षं झाली.
मधे पुष्कळ वेळा निघाले मी, मनातल्या मनात.
मासळीला भाव येऊ दे, मग.
पोराचं लग्न होऊ दे, मग.
आधी तिनं तरी बघावं माझ्याकडे.
नळावर आमच्या बादल्या शेजारी असायच्या,
आम्ही नाही.

आठव्या अध्यायात एक आंधळा येतो.
गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हणाले, फलेसी, हे तू वाच. सावकाश.
वाचलं. म्हणाले, पुन्हा.
पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा त्याला दिसली
माणसं, पण झाडांसारखी, चालणारी.
मग पुन्हा हात ठेवला.
"दाणा टाकलास?"
"नाही, गुरुजी. इथं तो शब्द नाही."
"नाहीच," ते म्हणाले,
आणि सरोवराकडे बघत बसले,
म्हणजे तोंड तिकडे होतं.
वेझीसुद्धा काही बोलला नाही.

त्या रात्री मी गाठीतले दाणे मोजले. सदतीस.
एवढ्याशा दाण्यांत कुणाचं पोट भरतं?
घरातले चार पसे त्यात घातले,
चितेंजेचंच गाठोडं केलं
आणि कंदील न घेता निघाले,
कंदील शोधत बसले असते तर
सकाळ झाली असती, आणि सकाळी मी शहाणी असते.

तमांडानं दार उघडलं. म्हणाली, "आत्ता?"
मी म्हटलं, "आत्ता."
चार वर्षं घोकलेली सगळी वाक्यं
कुठं गेली देव जाणे.
तिनं गाठोडं हातात तोललं,
मासळी तोलतात तसं,
आणि दार लावून घेतलं.
जोरात नाही. पण लावलं.

आज उसिपा पसरताना लांबवर
गोरखचिंचांच्या रांगेत काहीतरी हललं.
बाई की झाड, उन्हात कळेना.
मी हात वर केला.
ते थांबलं,
किंवा मला तसं वाटलं.

चितेंजे अजून तिच्याकडेच आहे.
ते आणायला जावं लागेल.