चित्रावर परिणाम नाही

दुकानात माझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं.
कुरामोचीसान लेन्सच्या मागून विजेरी धरतात,
एक डोळा मिटतात
आणि डॉक्टरनं कंपाउंडरला सांगावं तसं सांगतात:
मागच्या भिंगाच्या कडेला बुरशी, तांदळाच्या कणीएवढी.
कोटिंग उडालंय, पूर्वेला.
पूर्वेला म्हणजे घड्याळात तीन वाजतात तिथं.
मी लिहिते.
आणि शेवटी, दर वेळी, ती एक ओळ:
चित्रावर परिणाम नाही.

सहा वर्षांत एवढं शिकले
की ओरखडा वेगळा, चरा वेगळा, टवका वेगळा,
आणि धुकं आतलं असतं,
बाहेरून कितीही फुंकर घाला.

फेब्रुवारीत तिसऱ्या प्रहरी
ओतारूच्या कालव्यावरून चालत ताझुबाई आल्या,
बुटांचा बर्फ दाराशी झटकून,
कापडात बांधलेली एकच लेन्स घेऊन.
नवरा बंदराच्या कचेरीत होता.
येणाऱ्या प्रत्येक जहाजाचा फोटो,
धक्क्याच्या टोकाला उभं राहून, एकतीस वर्षं.
वारा, तुषार, मीठ.
"घरी आला की आधी ही पुसायचा," त्या म्हणाल्या,
"मग जेवायला बसायचा."

विजेरी लागली.
मधोमध गोल गोल रेषा,
किटलीच्या बुडावर असतात तशा, शेकड्यांनी,
आणि दक्षिणेला एक टवका, कठड्यावर आपटल्याचा.
कुरामोचीसान बोलले, मी लिहिलं.
बाईंनी चिठ्ठी उलटी फिरवून वाचली:
पुसल्याच्या खुणा, बऱ्याच.

"पुसल्याच्या?"

"रुमाल मीच धुवायचे," त्या म्हणाल्या.
"इस्त्री करायचे. थोडी खळसुद्धा घालायचे,
घडी कडक राहावी म्हणून."

कुरामोचीसाननी विजेरी बंद केली.
हीटर तेवढा घुरघुरत राहिला.
मला वाटलं, आता ते सांगतील: मिठामुळं झालं हो, मिठामुळं.
ते म्हणाले, "तीन हजार येन देता येतील,"
आणि पाकिटातून साडेतीन मोजले.

ती लेन्स महिनाभर काचेमागं पडून होती.
लोक चिठ्ठी वाचायचे, किंमत वाचायचे,
शेजारची घ्यायचे.
मग बेकरीतला इत्सुकी आला, मनगटांवर पीठ,
पहाटे तीनला उठणारा, म्हणून दुपारी मोकळा.
खिसा उलटा करून नाणी मोजली त्यानं.
पदरी पडलं पवित्र झालं, अशा चेहऱ्यानं म्हणाला,
"हीच परवडते."

कुरामोचीसाननी त्याला थांबवलं.
दात कोरायच्या काडीचं टोक काळ्या शाईत बुडवलं
आणि श्वास रोखून टवका भरला.
"काळं झालेलं चालतं," ते म्हणाले.
"काळं आपल्या जागी बसतं.
पांढरा टवका उजेड धरून सगळीकडं उधळतो."
रेषांचं काय, असं पोरानं विचारलं.
"त्या इतक्या आहेत की शाई पुरायची नाही."

एप्रिलमध्ये तो छापील फोटो घेऊन आला.
बंदर, सूर्य समोर, कलतीला आलेला.
जहाज ओळखू येत होतं, नाव नाही.
सगळ्यावर सायीसारखं काहीतरी पसरलेलं,
पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, पत्ता नाही.
"तुमची चिठ्ठी खोटी आहे," तो म्हणाला.
मी पैसे परत द्यायला गल्ला उघडला.
त्यानं फोटो पटकन मागं घेतला,
जणू तोच परत मागतेय मी.

आता माझ्यापुढं नवी लेन्स आहे,
कुण्या शाळामास्तरांची, पूर्वेला कोटिंग उडालेली.
मी शेवटची ओळ लिहायला घेतली
आणि लिहिलं: समोरून ऊन आलं तर दिसेल.

कुरामोचीसाननी चष्म्यावरून वाचलं.
"दोनशे येन कमी येतील."

खोडू का, मी विचारलं.
ते पुढच्या लेन्सची टोपी काढत होते.