कूलरचं पाणी

रात्री दोनला पंप कोरडा घरघरला.
पाळी गुणवंतची होती.
तो झोपलाय, उताणा, निवांत.
दिवसभर पंचेचाळीसात भाजलेल्या या खोलीत
माणूस असा झोपू शकतो,
आधी याचाच राग धरावा का?

उठते. पाइप लावते.
मानेवाड्याच्या या गल्लीत आणखी दोन कूलरांत पाणी पडतंय,
म्हणजे आणखी दोघी जाग्या.

पाणी चढेपर्यंत हिशेब.
गादीवरचा ओला टॉवेल: सोडला.
नणंदेनं झाकणं बदलली,
तिखटाच्या डब्यावर साखरेचं,
तेही सोडलं; चहा एकदाच तिखट झाला,
तोही तिचाच.
मामंजी रोज विचारतात,
"भाजीत मीठ काऊन कमी वं?"
आणि दोनदा वाढून घेतात.
हे तर मोजतच नाही मी.

टाकी अर्धी.
ताट्या भिजल्या, वाळ्याचा वास आला,
पाळी चुकवल्याचं काही वाटेनासं झालं.

पण परवा, पाहुण्यांसमोर,
मी पतपेढीतल्या त्या खोट्या सहीचं सांगत होते
आणि तू मध्येच म्हणालास,
"तिचं काय ऐकता तुम्ही, पोहे घ्या."
सगळे हसले.
मीही हसले,
हातातली तर्री सांडू न देता.

किती दिवस झाले,
ती पळी अजून खाली ठेवलेली नाही.

टाकी भरली. तोटी बंद.
गुणवंत कुशीवर वळतो, "भरलं का पाणी?"
"भरलं.
सकाळी डबा घेण्याआधी बस जरा.
पाण्याचं नाही बोलायचंय."