ड्रायरमधला सेंट

मॉरीन टेग्टमायर रुमालाची गाठ सोडते
डुब्यूकमधल्या माझ्या काउंटरवर.
आत एक सेंट:
कडा जाड, आत वळलेली,
घेर नेहमीपेक्षा कमी.

"टांकसाळीत चुकलाय ना?
अशाचे हजारो मिळतात म्हणे."

मी भिंग लावतो, उगीचच.
पाहताक्षणी कळलं होतं.
गेल्या महिन्यात एकाने आणलेला
वाइसमध्ये दुसऱ्या नाण्यावर आवळलेला,
उलटी अक्षरं आत रुतलेली.
तो तर भांडलाच.

टांकसाळीची चूक एका फटक्यात होते, बाई.
धातू ठशामागे वाहत जातो
आणि तिथेच गोठतो, चुकलेला पण खणखणीत.
हे नंतरचं आहे.
फार नंतरचं.

"सापडला कुठे?"
"डेलबर्टच्या लॉन्ड्रीत.
तो गेल्यावर ड्रायर भंगारात काढले,
एकाच्या ड्रमच्या फटीत."

म्हणजे महिनोन् महिने
गरम अंधारात, काठावर आपटत, गडगडत,
अख्ख्या गल्लीच्या चादरी,
कसायाचे ॲप्रन, बाळांचे मोजे
शेजारून फिरत असताना.

"साल कोणतं?"
मी दिवा वाकवतो.
एकोणीसशे नव्वद आणि काहीतरी.
शेवटचा आकडा कडेखाली गेलाय.

"आणि किंमत?"
"एक सेंट."

ती हसत नाही. रुमालही उचलत नाही.
"वजन तरी करा."

काटा थरथरतो, थांबतो.
अडीच ग्रॅम हवं. दोन पूर्णांक चार.

"उरलेलं कुठे गेलं?"

चाळीस वर्षं या धंद्यात आहे,
हे कुणी विचारलं नव्हतं.

"मोज्यांत," मी म्हणतो, "बहुतेक."