दहापैकी

साठ तास खेळलो, वर अकरा मिनिटं.
सकाळी यित्काला आकडा हवाय.
शब्द काय, मागाहून भरता येतात, असं तिचं संपादकीय मत.
बर्नोतल्या चौथ्या मजल्यावर रेडिएटर खोकतोय
आणि पडद्यावर एक राजकन्या
माझ्या उत्तरासाठी खोळंबली आहे.
पापणी मिटते, उघडते, मिटते.

चार उत्तरं आहेत.
पहिलं दयाळू, दुसरं उर्मट,
तिसरं पैसे मागणारं,
चौथं म्हणजे नुसते तीन ठिपके.
मागे जाऊन जाऊन चारही देऊन पाहिली.
चारही वेळा ती म्हणाली, "मग निघायला हवं,"
आणि चारही वेळा तोच पूल
त्याच बाजूला कोसळला.

म्हणून लिहिलं:
'निवडीचा नुसता आव. ही गोष्ट नव्हे, ट्राम आहे.
रूळ आधीच ठरलेले,
खेळणाऱ्याच्या हाती फक्त घंटी.'
वाक्य जमलं.
जमलेली वाक्यं रात्री अडीचला मला फार आवडतात.

खेळ अजून बाजारात नाही, कुणाला दाखवायचा नाही,
तशी सही केली आहे मी.
पण द्राहोमीराबाईंना मी 'कुणी'त धरत नाही.
तिसऱ्या मजल्यावरून त्या रविवारी येतात,
मी सूप ढवळतो तोवर खेळतात.
चौदा तास झाले त्यांचे, अजून पहिल्याच गावात.
राज्य जळतंय, राजकन्या कैदेत,
आणि बाई पाणचक्कीपाशी एका बाकावर.

"इथे काही नाहीये," मी म्हटलं.
बाकावरच्या त्या म्हातारीच्या डोक्यावर खूण नाही,
तिच्याकडे काम नाही, तलवार नाही, बक्षीस नाही.
"थांब," बाई म्हणाल्या.
बर्फ पडत होता. आम्ही थांबलो.
बऱ्याच वेळाने, एक शब्दही न बोलता,
म्हातारी सरकली
आणि तिने बाकावर जागा करून दिली.

साठ तासांत नऊदा तरी
मी तिच्यासमोरून घोडा दौडवला असेल.

मग मी त्यांना माझं ट्रामचं वाक्य वाचून दाखवलं.
दाखवायला नको होतं.
"एकतीस वर्षं एक नंबरची चालवली," त्या म्हणाल्या.
"रूळ ठरलेलेच होते.
पण कोमीनच्या थांब्यावर आरशात कुणी धावत येताना दिसलं,
की दार उघडं ठेवायचं की नाही,
ते कुठे लिहून ठेवलं होतं का कुणी?"

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही.
"पण बाई, ट्रामवर पाटी नव्हती ना,
की तुम्ही म्हणाल तिकडे वळेल म्हणून?
आणि तिकीट सोळाशे क्राउनचं नव्हतं."
त्या हसल्या. "तेवढं खरं. ते लिही."

लिहिलं.
घंटीचं वाक्य ठेवलं.
पुलाबद्दलचा राग तर आहेच, तो कशाला पुसू?
खाली बाकाबद्दल चार ओळी घातल्या;
जागा कमी पडली की यित्का आधी त्याच कापेल.
आकड्याच्या चौकटीत सहा टाकले,
मग सात, मग परत सहा.
तो बाक कुणी लिहिला असेल?
कुणी मागितला नसताना,
कुठल्या कचेरीत, रात्री किती वाजता?

सूप निवत चाललंय.
"आले, आले," बाई म्हणतात आणि उठत नाहीत.
पडद्यावर पुन्हा बर्फ, पुन्हा ती म्हातारी सरकते,
आणि इकडे माझ्या मोडक्या सोफ्यावर
द्राहोमीराबाई, कुणी आलेलं नसताना,
थोड्या बाजूला होतात.