पीळ

एव्हर्ट आला तेव्हा तळ्याचा बर्फ कडेला फुटला होता,
मधे अजून माणूस पेलेल एवढा.
बूट झटकले. टोपी काढली नाही.
घोंगडीतून रायफल काढून माझ्या टेबलावर ठेवली,
निजलेलं मूल या मांडीवरून त्या मांडीवर द्यावं तशी.
"नळी बदलायची," म्हणाला. "नातीसाठी."

मी बोल्ट उपसला, नळी खिडकीकडे धरली.
एरवी आत दिसतो
उजेडाचा गोल गोल उतरत गेलेला जिना.
इथे पहिल्या वीतभर पायऱ्याच नव्हत्या,
नुसती राखाडी, तडकलेली भुई.
चाळीस उन्हाळे त्यानं
रुळांवरून धावणाऱ्या लाकडी मूसवर सराव केला,
खरे मूस पडले असतील पन्नासेक.
सुंभ जळतं पण पीळ जात नाही, म्हणतात.
बंदुकीचं उलटं.
लोखंड जागच्या जागी असतं,
जळतो तो पीळच.

"नऊ पॉइंट तीनच घालायची ना पुन्हा?"
तो तेलाच्या डब्याकडे बघत राहिला.
"नाही. साडेसहा.
पोरीचा खांदा आहे, धक्का सोसायचा नाही."

टूवाला मी ओळखतो.
गोथेनबर्गला दातांचं शिकते.
नाताळात इथे आली होती,
हॅमचं ताट तिनं न बघताच पुढे सरकवलं.
आणि एव्हर्टच्या उजव्या खांद्यात दोन स्क्रू आहेत,
हे इंगेगेर्दनं बेकरीत सांगितलं,
म्हणजे ते आता रस्त्याच्या फलकावर लिहिल्यासारखंच.

मी काही बोललो नाही.
नमुन्याच्या नळ्या भिंतीवरून काढल्या.
एकेक तो हात लांब करून तोलायचा,
डावा हात.
स्टेनलेस चकाकते म्हणून नको.
बारीक नळी दोन गोळ्यांत तापते, तिसरी भलतीकडे जाते,
म्हणून नको. (तिसरी गोळी त्याला कधी लागली होती?)
जाड नळी घेतली तर दस्त्यातल्या खोबणीत नीट बसेल;
ती खोबण त्यानंच कोरलेली, अक्रोडात,
इंगेगेर्दला दिवस गेले होते त्या हिवाळ्यात.
पण भोक लहान झालं की त्याच जाडीत लोखंड जास्त उरतं.
"जड आहे," म्हणाला. "तिला जड होईल."
"दहा सेंटिमीटर कापू पुढून."
"काप."
"पीळ दोनशे मिलिमीटरला एक फेरा."
"तू म्हणशील तसा."
एवढं ऐकून घेणारा एव्हर्ट मी पहिल्यांदा पाहिला.

मग मीच जरा चावटपणा केला.
फूटपट्टी घेतली, म्हटलं,
"दस्ता किती आखूड करू? मुलीचे हात..."
"दस्ता राहू दे."
लेथ बंद होता. छपरावरून पाणी ठिबकत होतं.
"तिचे हात लांब आहेत," म्हणाला. "माझ्याएवढे."

मेमध्ये नळी आली, जूनमध्ये बसवली.
जुनीचे नियमाप्रमाणे तुकडे केले, कागद पोलिसांत दिला.
करवतीला ती सहज गेली नाही.
तोंडाकडचा बोटभर तुकडा त्यानं मागून घेतला,
तिथला पीळ अजून शाबूत होता;
डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं,
मग कुत्र्याकडे,
आणि खिशात टाकला, सुट्या नाण्यांत.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात
दारात मांसाची पिशवी ठेवून गेला, चार किलो तरी असेल.
मी हाक मारली तसा कुंपणाशी थांबला.
"कशी आहे?"
"टूवा म्हणते, बरी आहे."
कोटावरून उजवा खांदा त्यानं चेपून बघितला,
मग आणखी जरा जोरात,
जणू दुखरी जागा नेमकी कुठे ठेवली होती
ते आठवत नव्हतं.
"म्हणते, धक्का कळतसुद्धा नाही."