टाच मोकळी

भडगाव रोडला, मोटर रिवाइंडिंगच्या शेजारी
माझं लेथ. पाटीवर आडनाव अजून पिंजारी,
पण कापूस आमच्या घरातून आजोबांबरोबर गेला.
मी बुश बसवतो, वाकलेले शाफ्ट सरळ करतो.

मे महिना. पत्रा इतका तापलेला
की पाना उचलायला आधी फडकं लागतं.
सुपडू बारींची मोहिनी आली,
गोधडीच्या खोळीत दोन लांब फळ्या घेऊन.
मला वाटलं, पलंगाच्या असतील.
"स्की आहेत, काका. वर बर्फ मोजायला जाते ना मी,
लाहौलला. खांब रोवलेत, ते बघत फिरायचं."
बर्फ मी पाहिलाय तो रसवंतीवर,
भुशात झोपलेला.

तिने बूट अडकवून दाखवला:
चवडा पकडलेला, टाच मोकळी.
चढताना ठीक. टाच उचलते,
फळी घसटत येते पाठोपाठ.
उतरताना वळायचं म्हटलं
की टाच बाजूला सटकते,
फळीला कळतच नाही पाय काय म्हणाला.
"डावीकडे वळते आणि पडते. दर वेळी डावीकडेच."

"मग टाच आवळून टाकू. एका बोल्टचं काम."
"आवळली तर चढू कशी, काका?"

तीन दिवस ते डोक्यात फिरत राहिलं.
आधी स्प्रिंग लावली, स्कूटरच्या स्टँडची.
मोहिनी दुकानात चालली ती
पायबंद घातलेल्या गाढवासारखी,
आणि तसं म्हणालीसुद्धा.
काढून टाकली.

रात्री वर बघत पडलो. आढ्याला आजोबांची कमान,
तिची तात केव्हाच तुटली, आता पाल राहते.
तात फार आवळली तर तुटते, ते म्हणत,
सैल सोडली तर कापूस नुसता लोळतो.
हे ते कापसाबद्दल म्हणत.
दुसऱ्या कशाबद्दल नाही.

सकाळी पंपाच्या कपलिंगचं रबर घेतलं, ताऱ्यासारखं असतं ते,
त्याची एक पाकळी कापून चवड्यापुढे बसवली,
म्हणजे टाच उठेल, पण जोर मागून.
ठिबकच्या मेन लाइनचा तुकडा शेगडीवर मऊ केला,
दोन लाद्यांमध्ये दाबून सपाट,
त्यात पाचरीएवढी खाच,
आणि बुटाच्या टाचेखाली त्या खाचेचा जोडीदार.
अर्धा मिलिमीटर ढिला ठेवला.
मध्ये बर्फ अडकतो, ती म्हणाली होती.

टाच उचलली. टेकवली.
टक.
पुन्हा. टक.
दार लोटल्यावर कडी आपली आपण पडावी तसं.

संध्याकाळी जिनिंगच्या मागे,
हंगाम संपून उरलेल्या सरकीच्या ढिगावर.
राखणदार भिला म्हणाला, "काय चाललंय रे भो, पोरगी पाडशील."
दहा फूट उतार. ती डावीकडे वळली.
वळली म्हणजे वळली.
मग उजवीकडे वळताना पडली, हसत,
केसांत सरकी.
रबराचे साठ रुपये घेतले. बाकी राहू दे म्हटलं.

जानेवारीत फोटो आला. माणूस नाही त्यात,
नुसता पांढरा उतार, दोन रेघा
आणि डावीकडे एक स्वच्छ वाक.
मी तो लेथवर चिकटवणार होतो.
खाली निरोप: "काका, रबर दगड झालं. वजा बावीस होतं.
नवव्या दिवशी तडकलं.
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून भागवलं."

पंचेचाळीस डिग्रीत बसून
मी थंडी हिशेबात धरलीच नव्हती.
दाबून पाहिलं होतं ते रबर,
घामाच्या अंगठ्याने.

आता स्टेशनासमोर युनूस कुल्फीवाल्याच्या फ्रीझरमध्ये
पाच रबरं ठेवलीत, रंगाने नंबर टाकून.
रोज सकाळी पिस्त्याखालून एकेक काढतो,
नख रुतवतो.
दोन दगड. एकाला तडा.
चार नंबर अजून ऐकतंय.
पाचाचं काही सांगता येत नाही.
युनूस विचारतो, ह्यात खायचं काय आहे.
मी म्हणतो, थांब,
वजा अठरालाच आहोत अजून.